हाक मारायला ऐकणारा असावाच लागतो असं नाही

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वडील सत्तरीचे, सोलापूरच्या गिरणीत उमेदीची वर्षं गेलेली, लाल बावट्याचे कार्यकर्ते. घरात देव्हारा नाही, तुमच्या बारशालाही पूजा झाली नव्हती. मागच्या महिन्यात आई सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याने, आयसीयूत होती. पहाटे साडेतीनला तुम्ही चहा घेऊन वर आलात, तर बाबा कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे. हात जोडलेले, ओठ हलत होते. तुम्ही आवाज न करता मागे फिरलात. आई आता घरी आली आहे, बाबा त्या रात्रीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आणि तुम्ही विचारता की देव न मानणारी माणसं खरंच कधी प्रार्थना करतात का, की बाबा आयुष्यभर आपल्याला खोटं सांगत आले, आणि हे आईला सांगायचं का.

पहिल्याचं उत्तर लगेच देते. करतात. सगळे नाही, पण पुष्कळ जण करतात. आणि तुमचे बाबा खोटं बोलत नव्हते.

मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बावीस सोलापुरातल्या आयसीयूंमध्ये, बरीचशी नाईट ड्यूटी. दिवसा माणूस नातेवाइकांत असतो, फोनवर असतो, बिलाच्या खिडकीशी असतो. रात्री दोन ते पाचमध्ये तो एकटा सापडतो, आणि त्या वेळात जागं तिथे कोण असतं, तर आम्ही. मी स्वतः बौद्ध घरातली. आमच्याकडे देव नाही, तरी रोज संध्याकाळी वंदना असते. त्यामुळे हा प्रश्न मला नोकरीत येण्याच्या आधीपासून ओळखीचा आहे. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, ‘तुमच्यात देव नाही ना, मग हात कुणाला जोडता?’ तेव्हा मला उत्तर देता यायचं नाही.

उत्तर सापडायला सुरुवात वॉर्डातच झाली, आणि ती देवापासून झाली नाही. आयुष्यभरात मी किती सुया टोचल्या असतील, किती ड्रेसिंग काढली असतील, हिशेब नाही. दुखलं की माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय येतो? ‘आई गं.’ आपल्या सोलापुरात तर चार भाषांत येतो. पूर्व भागातला तेलुगू विणकर ‘अम्मा’ म्हणतो, अक्कलकोटकडचा कानडी म्हातारा ‘अव्वा’ म्हणतो, मुसलमान पेशंट ‘अम्मी’ म्हणतो. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बेडसोअरचं ड्रेसिंग करताना तो ‘आई गं, आई गं’ करतो. त्याची आई जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात. ती वॉर्डात आहे असं त्याला वाटत नाही. ती येऊन ड्रेसिंग थांबवेल अशी त्याची समजूत नाही. तरी तो हाक मारतो, आणि ती खरी हाक असते. त्याला आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही की आजोबा, पकडलं तुम्हाला, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे.

मग तोच माणूस ‘देवा’ म्हणाला, किंवा भिंतीपुढे हात जोडून उभा राहिला, की आपण लगेच त्याच्या मतांची झडती का घेतो?

हाक ही माणसाच्या मतांच्या आधीची गोष्ट आहे. ती तान्ह्या मुलात असते, ज्याला अजून कसलंच मत नाही. शुद्ध हरपत चाललेल्या पेशंटमध्येही असते, ज्याची मतं गळून पडलेली असतात. मधली साठ-सत्तर वर्षं आपण तिच्यावर पत्ता लिहितो: विठ्ठल, अल्ला, येशू, आई, किंवा काहीच नाही. पत्ता कोरा ठेवणाऱ्याचीही हाक बंद होत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2009 साली श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून मनानेच प्रार्थना करायला सांगितली होती. पाठ केलेली प्रार्थना म्हणताना आणि आपल्या शब्दांत देवाशी बोलताना मेंदूत फरक दिसला. आपल्या शब्दांत बोलताना मेंदूचे जे भाग जागे झाले, ते आपण दुसऱ्या माणसाशी बोलताना, त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखताना कामाला येतात. ती माणसं श्रद्धाळू होती, तेव्हा त्यावरून नास्तिकांबद्दल काही सिद्ध होत नाही. पण एवढं कळतं की प्रार्थनेसाठी मेंदूत वेगळं देऊळ बांधलेलं नाही. समोरच्याशी बोलायची जी सोय प्रत्येकाकडे आहे, तीच वापरली जाते.

एका निवृत्त गणित शिक्षकांबद्दल सांगते. नातू व्हेंटिलेटरवर होता, डेंग्यू. सर पक्के बुद्धिवादी. गावात अंगात येणाऱ्या बाईला भर चौकात प्रश्न विचारलेले. सूनबाईंनी नातवाच्या उशाखाली अंगारा ठेवला तर त्यांनी तो काढला नाही, पण मान दुसरीकडे वळवली. रात्री ते बाकावर डोळे मिटून बसायचे आणि ओठ हलत असायचे. तीन रात्री मी पाहिलं. चौथ्या रात्री बीपी बघायच्या निमित्ताने जवळ गेले, तर ऐकू आलं: ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट...’ दाहेपर्यंत जायचे, दीर्घ श्वास घ्यायचे, पुन्हा एकेपासून. मी काही विचारलं नव्हतं, तरी डोळे उघडून म्हणाले, ‘सिस्टर, हा पाढा त्याला येत नाही. घरी आला की शिकवणार आहे.’

ही प्रार्थना होती की नव्हती? मी म्हणेन होती. त्यात जप होता, श्वास होता, ज्याच्यासाठी चाललंय तो होता, आणि पुढच्यासाठी दिलेला शब्दही होता. देव तेवढा नव्हता.

त्यांचा बीपी त्या दिवसांत माझ्या अपेक्षेपेक्षा बरा राहिला. एका माणसावरून मी काही ठरवणार नाही, पण यामागे शरीराचं एक साधं गणित आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी 2001 साली 23 निरोगी माणसांवर तपासून पाहिलं होतं. ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे 6 वर येतो. एरवी आपला श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो. त्या संथ लयीत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकमेकांना जास्त चांगले सांभाळून घेतात. दोन धर्म, दोन भाषा, शब्दांचा अर्थ अगदी निराळा, आणि छातीत घडतं ते एकच. सतराचा पाढा संथ म्हटला तर छातीला फार फरक कळत असेल असं मला वाटत नाही.

मराठीत आपण ‘प्रार्थना’ या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि तुमचा गोंधळ बराचसा तिथूनच आला आहे. मागणं हा त्यातला एकच प्रकार. देवा, हे दे, ते टाळ. त्याला देणारा लागतो, आणि जो देणारा मानत नाही तो सहसा मागत नाही. पण आमच्या घरची वंदना घ्या. पंचशीलात ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणतो तेव्हा कुणाकडे काही मागत नाही. मी जीव घेणार नाही, हा नियम मी अंगीकारते, असं म्हणतो. तो शब्द देणं आहे, आणि तो स्वतःलाच दिलेला आहे. सोलापुरातल्या जैन घरांत पहाटे णमोकार मंत्र म्हणतात. त्यात पाच प्रकारच्या श्रेष्ठांना नमस्कार आहे, कुणा एकाचं नाव नाही, आणि मुख्य म्हणजे मागणी एकही नाही. जगाचा कर्ता देव जैन मानतच नाहीत. म्हणजे देवाशिवाय हात जोडणं ही कुणा आधुनिक नास्तिकाची पंचाईत नव्हे, आपल्याच गल्लीतली फार जुनी रीत आहे. प्यू या अमेरिकी संस्थेने 2019-20 मध्ये भारतात जवळपास 30,000 लोकांना विचारलं होतं. 97 टक्के देव मानणारे निघाले, पण बौद्धांपैकी तिसरा हिस्सा म्हणाला की आम्ही देव मानत नाही. त्यातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी मेणबत्ती लागते आणि हात जुळतात, हे मला आकडेवारीने सांगायची गरज नाही, मी त्यातच वाढले. अमेरिकेतही त्याच संस्थेला 2012 मध्ये दिसलं की कुठलाच धर्म न लावणाऱ्यांपैकी 21 टक्के रोज प्रार्थना करतात. कुठलाच धर्म न लावणारे सगळे काही नास्तिक नसतात, हे इथे ध्यानात ठेवायला हवं.

गोरा हे नाव पूर्व भागातल्या जुन्या तेलुगू मंडळींना ठाऊक असेल. आंध्रातले कट्टर नास्तिक, गांधीजींशी त्यांच्या तासन्‌तास चर्चा व्हायच्या. गांधीजी आधी ‘ईश्वर सत्य आहे’ म्हणायचे, पुढे ‘सत्य हाच ईश्वर’ म्हणू लागले. गोरांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाशी ठरलं, तेव्हा लग्नाच्या विधीत देवाऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. लग्न लागलं 1948 मध्ये सेवाग्रामला, तोवर गांधीजी राहिले नव्हते. मला या गोष्टीत आवडतं ते हे की दोघांपैकी कुणी दुसऱ्याला पाडायला बसलं नव्हतं. शपथेतलं गांभीर्य दोघांनाही हवं होतं, नाव बदललं तरी चाललं.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर माझं उत्तर अर्धवट राहील. ‘वेळ आली की सगळे देव देव करतात’ हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकलं, आणि ते खरं नाही. भगतसिंगांनी 1930 मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी सांगितलंय की त्यांना प्रार्थना करायचा सल्ला मिळाला होता, शेवटचे दिवस आले की तूही मानायला लागशील असंही कुणी म्हणालं होतं, आणि त्यांनी ठाम नकार दिला. फाशी समोर दिसत असताना. मी असे साधे लोकही पाहिले. एक विडी कामगारांचे जुने पुढारी होते, फुप्फुसाचा कॅन्सर. कोणत्या दवाखान्यात ते सोडून द्या. शेवटच्या आठवड्यात तिथल्याच एका वरिष्ठ माणसाने राउंडला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘आता तरी नाव घ्या देवाचं, बरं वाटेल.’ काका काही बोलले नाहीत. दुपारभर त्यांनी जेवणाला हात लावला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, ‘सिस्टर, मला वाटलं होतं मी इथे पेशंट आहे.’ ते वाक्य मी विसरू शकले नाही. श्वास घ्यायला तीन उशा लागणाऱ्या माणसाला आपली मतं राखण्यासाठी उरलेली ताकद खर्चायला लावणं, ही मारहाण आहे. हळू आवाजात केलेली आहे एवढंच.

त्याच काकांची शेवटची रात्र. काकू जवळ होत्या, त्या पक्क्या देवभोळ्या, दर गुरुवारी अक्कलकोट. त्यांच्या पिशवीत तुळशीचं पान होतं, गंगाजलाची छोटी सीलबंद लोटी होती. काकांनी आधीच मला सांगून ठेवलं होतं, मंत्र नको, तुळस नको, पाणी चालेल. आता काकूंना कसं सांगायचं, या विचाराने माझेच पाय जड झाले होते. पण त्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षांचा संसार होता. त्यांनी लोटी पिशवीतच ठेवली. माझ्या ट्रेमधला कापूस मागितला, नळाच्या पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. तोंडाने काही म्हटलं नाही. मग पदराने त्यांची हनुवटी टिपली. तुळशीचं पान त्यांनी स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं होतं, सकाळी ते पूर्ण काळं पडलेलं मी पाहिलं. त्या खोलीत त्या वेळी कुणी प्रार्थना केली आणि कुणी नाही, हे मला विचाराल तर मी वेगळं काढून दाखवू शकणार नाही.

माझं स्वतःचंही सांगते, कारण तुमच्या बाबांना मी बाहेरून जोखत नाहीये. एप्रिल 2021, दुसरी लाट. ऑक्सिजनचा टँकर रात्री दहाला यायचा होता, साडेतीन वाजले तरी पत्ता नाही. टाकीचा काटा उतरत होता, वॉर्डबॉय मामा मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर जिथे पाइपलाइनला जोडतात तिथे, एकेक जम्बो सिलिंडर बदलत होते, आत चौदा माणसं व्हेंटिलेटर आणि बायपॅपवर (मास्कमधून श्वास देणाऱ्या यंत्रावर). मी काट्यासमोर उभी होते आणि माझ्या तोंडून सारखं येत होतं, ‘ये रे बाबा, ये, ये, ये.’ कुणाला म्हणत होते? त्या ड्रायव्हरला, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं. टँकरला. रस्त्याला. माझे हात छातीशी जुळलेले आहेत हे मामांनी सांगितल्यावर मला कळलं. पावणेपाचला टँकर आला. सहा नंबरचा पेशंट तरीही सकाळी गेला, तो ऑक्सिजनमुळे गेला नाही, पण गेला. त्या रात्रीनंतर माझ्या मतांत काही बदल झाला नाही. मी आजही देव मानत नाही. आणि त्या रात्री मी खोटी वागले असंही मला कधी वाटलं नाही. मला जेवढं करता येत होतं तेवढं मी केलं होतं, सिलिंडर मोजले होते, फोन केले होते, फ्लो कमी-जास्त केले होते. हात रिकामे झाले, म्हणून ते एकमेकांना भेटले.

तुमच्या बाबांचंही असंच झालं असेल असं मला वाटतं. गिरणीतल्या माणसाचे हात रिकामे राहत नाहीत. आपल्याकडचा विणकर सकाळी धोटा, म्हणजे मागावरची आडवा धागा नेणारी नळी, हातात घेतला की कपाळाला लावतो, मग तो मंदिरात जाणारा असो की सभेला जाणारा. त्या धोट्यात देव बसलाय असं त्याला म्हणायचं नसतं. दिवस याच्यावर आहे, एवढंच. आयसीयूच्या दाराबाहेर त्या हातांना काहीच काम नसतं. बायको काचेच्या पलीकडे, आणि यांना ना औषध देता येत, ना उशी सरळ करता येत.

त्या प्रार्थनेने आईला गुण आला का, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरात कुणीतरी विचारेल, तेव्हा माहीत असू द्या. 2006 साली अमेरिकेत 6 रुग्णालयांतल्या 1,802 बायपास पेशंटवर मोठा अभ्यास झाला होता. अनोळखी लोकांनी काही पेशंटसाठी प्रार्थना केल्या, काहींसाठी नाही. प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यात काहीच फरक पडला नाही, गुंतागुंत 52 आणि 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ती 59 टक्के निघाली. याचं कारण कुणाला ठामपणे सांगता आलेलं नाही. माझा अंदाज, पेशंट घाबरत असणार, इतकं सगळं चाललंय म्हणजे माझं काही खरं नाही. तेव्हापासून मी नातेवाइकांना सांगत आले, पेशंटच्या कानात ‘सगळं गाव तुझ्यासाठी नवस बोललंय’ असं सांगू नका. ‘कपडे धुऊन ठेवलेत, घरी जायचंय’ असं सांगा. तुमची आई वाचली ती अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं म्हणून, आणि तिच्या शरीराने साथ दिली म्हणून. सेप्सिसमध्ये तासातासाचा फरक पडतो. तिला पहिल्या संध्याकाळी दवाखान्यात आणायचा निर्णय बाबांनीच घेतला, असं तुम्ही लिहिलंय. ते विसरू नका.

बाबांना त्या रात्रीबद्दल विचारू नका, निदान ‘तुम्ही प्रार्थना करत होतात ना?’ असं तर अजिबात नको. तो प्रश्न त्यांच्या कानात ‘पकडलं’ असाच वाजेल. तसंही ते काय म्हणत होते हे तुम्हाला माहीत नाही. देवाचं नाव असेल, तुमच्या आईचं असेल, सतराचा पाढा असेल. ते स्वतःहून बोलले तर ऐका. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात तेव्हा ते दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहतात असं तुम्ही लिहिलंय, काठी पेलणाऱ्यांत त्यांचे गिरणीतले दोन मित्र आहेत म्हणून. या वर्षी तुम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहा. तिथे फार बोलावं लागत नाही.

आणि आईला सांगा. ती विचारेपर्यंत थांबलात तरी चालेल, पण सांगा. फक्त जे पाहिलं तेवढंच सांगा: पहाटे साडेतीन वाजले होते, बाबा कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीशी उभे होते, हात जुळलेले होते, मी आणलेला चहा तसाच थंड झाला. त्याला काय म्हणायचं ते तिचं तिला ठरवू द्या. त्यांच्याबरोबर राहिलीय ती.